धाकट्याला क्लूडो जमत नाही, खेळ बदलू का?

बोरिवलीच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी क्लूडो आणला, म्हणजे खून कोणी, कशाने आणि कुठे केला हे शोधायचा पटावरचा खेळ. घरात पाच माणसं: नवरा-बायको, सासूबाई, ११ वर्षांची मुलगी आणि ७ वर्षांचा मुलगा. आतापर्यंत चार डाव झाले आणि चारही मोठी मुलगी जिंकली. धाकटा दुसऱ्या डावापासून मध्येच उठून काहीतरी आरोप करतो, बाद होतो आणि रडतो. सासूबाई म्हणतात, घरात खुनाचा खेळ हवाच कशाला. तेव्हा हा खेळ माळ्यावर टाकून एखादा सोपा आणावा का, की सात वर्षांच्या मुलाला असलं काही जमणारच नाही?

ताई, लगेच खेळ बदलू नका. सात वर्षांच्या मुलाला हा खेळ जमतो, मी तो जमताना पुष्कळदा पाहिलाय. चार मोठ्यांच्या बरोबरीने एकट्याला बसवलं तर मात्र जमत नाही. विलेपार्ल्याला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी गेली १४ वर्षं दर शनिवारी संध्याकाळी मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना असे तर्काचे खेळ शिकवते. तुमच्यासारखी घरं तिथे सतत येतात आणि बहुतेकांची तक्रार हीच असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत. धाकट्याला कार्डावरची नावं न अडखळता वाचता येतात का? सासूबाईंना स्वतःला खेळायचं असतं, की नातवंडांच्या आग्रहाखातर बसतात? मोठी सतत जिंकल्यामुळे खूश आहे, की तीही आता कंटाळलीय? तुमच्याकडची आवृत्ती कोणती तेही तुम्ही लिहिलेलं नाही. नव्या संचांत एखादं पात्र वेगळं असतं. २०१६ मध्ये मिसेस व्हाइट जाऊन डॉक्टर ऑर्किड आल्या होत्या. पण कोण, कशाने आणि कुठे हा सांगाडा तोच आहे: तिन्हींचं एकेक कार्ड पाकिटात लपवायचं, बाकीची वाटायची आणि पाळीला एक माणूस, एक वस्तू, एक खोली विचारायची; डावीकडून क्रमाने, ज्याच्याकडे त्यातलं काही नसेल त्याने "नाही" म्हणायचं आणि ज्याच्याकडे असेल त्याने एक कार्ड गुपचूप दाखवायचं. तेव्हा मी सांगते ते कुठल्याही संचाला चालेल.

तुम्ही प्रश्न 'धाकट्याला जमत नाही' असा मांडलाय. मला दिसतं ते असं की एकाच पटाभोवती बसून तुम्ही पाच जण तीन वेगवेगळे खेळ खेळताय.

धाकटा खेळतो तो पहिला खेळ. त्याने विचारलं, कोणीतरी त्याला एक कार्ड दाखवलं, त्याने कागदावर फुली मारली. झालं. आता पुन्हा पाळी येईपर्यंत त्याला काहीच काम नाही. पाच जणांत त्याची पाळी पाचातून एकदा येते, म्हणजे चार पाळ्या त्याच्या लेखी रिकाम्या. तो सोंगट्या उभ्या-आडव्या करतो, दोरीचा छोटा तुकडा बोटाला गुंडाळतो, आणि आपण म्हणतो, "अरे, लक्ष दे!" पण कशाकडे लक्ष द्यायचं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

मोठी खेळते तो दुसरा खेळ. बाबांनी विचारलं आणि आजी "नाही" म्हणाल्या, तर त्या तिन्ही गोष्टी आजींकडे नाहीत, हे ती मनात धरते. तिसरा खेळ आणखी आत आहे. बाबांनी विचारलं, आईने त्यांना गुपचूप एक कार्ड दाखवलं. ते कुठलं, हे बाकीच्यांना दिसलं नाही; पण त्या तिघांतलं एक आईकडे नक्की आहे. हे लिहून ठेवलं तर दहा मिनिटांनी कामाला येतं.

याचा अर्थ मोठी पाचही पाळ्यांमधून माहिती गोळा करते आणि धाकटा फक्त एका पाळीतून. मग ती बहीण पेन्सिल ठेवून पाकिटाकडे बघायला लागली, की त्याला कळतं, आता संपलं. म्हणून तो तिच्या आधी जे सुचेल ते ओरडतो. त्याला रडीचा डाव म्हणू नका. त्याच्याकडे जेवढं होतं, तेवढ्यावर त्याने केलेला तो शेवटचा प्रयत्न आहे.

तुम्ही मुलांना राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या खेळायला शिकवल्या असतील. त्यात शिपायाला चोर ओळखायचा असतो, आणि तो ओळखतो चेहऱ्यावरून. कोण हसू दाबतंय, कोण मुद्दाम छताकडे बघतंय. तो अंदाजाचा खेळ आहे आणि त्याची मजा निराळी. आपण क्लूडोही मुलांना तसाच शिकवतो: "ओळख बघू कोणी केलं!" इथेच गाडी रुळावरून घसरते. क्लूडोत ओळखायचं काही नसतं, वगळायचं असतं. ६ माणसं, ६ वस्तू, ९ खोल्या, म्हणजे एकूण ३२४ शक्यता. तीन कार्डं पाकिटात गेली की १८ उरतात. खेळणाऱ्यांचे तीन गट केले तर प्रत्येक गटाच्या हाती बरोबर सहा येतात. समजा, तुमच्या हातात २ माणसं, २ वस्तू आणि २ खोल्या आल्या. मग उरल्या ४, ४ आणि ७, म्हणजे ११२ शक्यता. एकही प्रश्न विचारायच्या आधी जवळपास दोन तृतीयांश शक्यता गेल्या. मी मुलांना हे फळ्यावर करून दाखवते. मुलं थक्क होतात, कारण त्यांना वाटत असतं की अजून खेळ सुरूच झालेला नाही.

तीन गट म्हटलं ते मुद्दाम. तुमच्या घरी पाच जण एकेकटे खेळले तर कार्डं ४, ४, ४, ३, ३ अशी विषम पडतात. त्यापेक्षा असे गट करा: मोठी एकटी, तुम्ही दोघं मिळून एक, आणि आजी-नातू मिळून एक. मोठीला एकटीला ठेवायचं, कारण तिला तिची चाल मोकळेपणाने खेळायची असते आणि तो तिचा हक्क आहे. धाकट्यासाठी तिने मुद्दाम हरावं, असं तिला कधीही सांगू नका. धाकट्यालाही लिंबूटिंबू करू नका, म्हणजे खेळात घेतलं पण धरलं नाही, असं. मुलांना ते बरोबर कळतं आणि रडण्यापेक्षा ते जास्त लागतं.

आजी-नातू जोडी का, ते मला एका शनिवारी कळलं. जुलैचा महिना होता, दुपारपासून पाऊस लागलेला, गाड्या उशिराने धावत होत्या, त्यामुळे हॉलमध्ये जेमतेम सात माणसं. एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या आणि चष्मा घरीच राहिला होता. त्यांना कागदावरचं काहीच दिसेना. मग नातू कार्डावरचं नाव त्यांच्या कानात वाचायचा आणि त्या सांगतील तिथे फुली मारायचा. पेन्सिल त्याच्याकडे, विचार आजींकडे. "त्या निळ्या शर्टवाल्यांनी 'नाही' म्हटलं ना? मग त्यांच्या रकान्यात तिन्हीला फुली मार." तो मारायचा. पुन्हा कोणी "नाही" म्हटलं, पुन्हा आजींचं कुजबुजणं, पुन्हा तीन फुल्या. अर्ध्या-पाऊण तासाने कोणीतरी "नाही" म्हटलं आणि आजी काही बोलायच्या आतच त्याच्या तीन फुल्या मारून झाल्या होत्या. पाळी तिसऱ्याचीच होती, तरी त्याने सोंगट्यांना हातही लावला नव्हता. तेव्हापासून मी लहान मुलाला मोठ्याबरोबर बसवते ते याच वाटणीने: वाचणं आणि लिहिणं मुलाकडे, आठवण ठेवणं मोठ्याकडे. बहुतेक घरांत उलटं करतात. मोठा लिहितो आणि मुलाला फासे टाकायला देतात. फासे टाकून मूल काही शिकत नाही.

सासूबाईंना हे जमेल का, असं मनात आलं असेल तर एकच विचारा: त्यांना बदाम सात येतो का? त्यात खेळता येण्यासारखं पान हातात असताना पास म्हणता येत नाही. म्हणून शेजारीण चौकटच्या सत्तीनंतर "पास" म्हणाली, की आपल्याला कळतं, अठ्ठी तिच्याकडे नाही. हे त्यांनी आयुष्यभर केलंय. क्लूडोतलं "नाही" म्हणजे तोच "पास". पत्ते खेळणाऱ्या आज्या हा खेळ दोन डावांत पकडतात, त्यांना फक्त इंग्रजी नावांची अडचण असते.

त्यावर उपाय सोपा. स्टेशनरीच्या दुकानात पांढरे छोटे स्टिकर मिळतात. एका संध्याकाळी मुलांना बसवून २१ कार्डांच्या कोपऱ्यात मराठी नावं लिहून चिकटवा. कर्नल मस्टर्डला 'पिवळे कर्नल', पीकॉकबाईंना 'निळ्या बाई', प्लमला 'जांभळे प्रोफेसर'. स्पॅनरला आपल्याकडे पाना म्हणतातच. कॉन्झर्व्हेटरी म्हणजे काचेची खोली, स्टडी म्हणजे अभ्यासिका. स्टिकर कार्डाच्या पुढच्या बाजूला लावा; पाठीमागे लावलेत तर कार्ड ओळखू येईल आणि संच वाया जाईल.

खोक्यात मिळणारे नोंदीचे कागद मी वापरत नाही. लहान हाताला त्यातली घरं फार बारीक पडतात. गणिताची चौकटीची वही घ्या. डावीकडे २१ नावं एकाखाली एक, आणि पुढे प्रत्येक गटाचा एकेक रकाना, तुमच्या घरी तीन. खुणा तीनच: आहे म्हणजे बरोबरची खूण, नाही म्हणजे फुली, आणि 'या तिघांतलं एक' असेल तर तिन्ही घरांत तोच छोटा आकडा. पहिल्यांदा १, पुढच्या वेळी २, असं. ज्या ओळीत तिन्ही रकान्यांत फुल्या पडल्या, ते कार्ड पाकिटात. ज्या रकान्यात सहा 'बरोबर' झाले, त्यातल्या उरलेल्या सगळ्या घरांत फुल्या. एवढ्या दोन गोष्टी कळल्या की मूल स्वतःचं स्वतः शोधायला लागतं.

आता हे आकडे कसे कामाला येतात ते एका डावातून दाखवते. बसण्याचा क्रम: मोठी, तिच्या डावीकडे आजी-नातू, त्यांच्या डावीकडे आई-बाबा. मोठी विचारते, "जांभळे प्रोफेसर, दोरी, ग्रंथालय." आजी-नातू म्हणतात, "नाही." मग आई-बाबा तिला एक कार्ड दाखवतात. नातू आपल्या वहीत आई-बाबांच्या रकान्यात प्रोफेसर, दोरी आणि ग्रंथालय या तिन्ही घरांत बारीक १ लिहितो. पुढच्याच पाळीत आजी-नातू विचारतात, "जांभळे प्रोफेसर, सुरा, स्वयंपाकघर." आई-बाबा म्हणतात, "नाही." म्हणजे प्रोफेसर त्यांच्याकडे नाहीत, त्या १ वर फुली. मोठी आजी-नातवाला स्वयंपाकघर दाखवते. थोड्या वेळाने दुसऱ्याच एका प्रश्नाला मोठी त्यांना दोरी दाखवते. दोरी मोठीकडे, म्हणजे आई-बाबांकडे नाही; दुसऱ्या १ वरही फुली. उरला एकच १, ग्रंथालयासमोर. ग्रंथालय आई-बाबांकडे आहे, आणि ते कार्ड आजी-नातवाने एकदाही पाहिलेलं नाही!

न पाहिलेलं कार्ड कुणाकडे आहे, हे ज्या क्षणी मुलाला पहिल्यांदा कळतं, त्या क्षणी ते मूल या खेळाचं होतं. मी यासाठीच हे सगळं करते.

त्याच डावात आणखी एक गोष्ट निघाली, तीही बघा. जांभळे प्रोफेसर आजी-नातवाकडे नाहीत, आई-बाबांकडे नाहीत. म्हणजे एकतर मोठीकडे, नाहीतर पाकिटात. मग पुढचा प्रश्न विचारताना प्रोफेसर घ्यायचे आणि बाकीच्या दोन गोष्टी स्वतःच्या हातातल्या घ्यायच्या: स्वतःकडची वस्तू, आणि आपण ज्या खोलीत उभे आहोत ती स्वतःकडचीच खोली. कोणीच काही दाखवलं नाही, तर प्रोफेसर पाकिटात आहेत हे पक्कं. मोठीनेही पहिल्या प्रश्नात हेच केलं होतं, दोरी तिच्याच हातात होती. धाकट्याला वाटतं, स्वतःकडचं कार्ड विचारणं म्हणजे खोटं बोलणं. तसं नाही, नियमात ते बसतं, आणि हे त्याला तुम्ही शांतपणे, डाव चालू नसताना समजावून सांगा. नाहीतर नंतर कळल्यावर त्याला फसवल्यासारखं वाटेल.

आता रडण्याचं बघू. चुकीचा आरोप केला तर तो खेळाडू बाद होतो, फक्त बाकीच्यांना कार्डं दाखवायला बसून राहतो. बरेच पालक दया येऊन हा नियम सैल करतात: एक पाळी सोड आणि पुन्हा खेळ. ते चालत नाही. आरोप करणाऱ्याने पाकीट उघडून पाहिलेलं असतं, त्याला उत्तर ठाऊक असतं, मग तो पुढे खेळणार कसा? म्हणून शिक्षा आहे तशीच ठेवा आणि घाई आधीच अडवा. मी मुलांना दोन शब्द पहिल्या दिवशी शिकवते, चौकशी आणि आरोप. चौकशी दर पाळीला करायची, ती चुकली तरी काही बिघडत नाही, उलट माहिती मिळते. आरोप अख्ख्या डावात एकदाच. आणि जोडीने खेळताना दोघांचं एकमत झाल्याशिवाय पाकिटाला हात लावायचा नाही. नातू म्हणतो "चल आरोप करू", आजी विचारतात "पाना कशावरून?" त्याला वहीतली ओळ बोटाने दाखवता आली तर करायचा आरोप. दाखवता आली नाही, की तो स्वतःच म्हणतो, "थांब, अजून एकदा विचारू."

फाशांबद्दल थोडक्यात. लहान मुलाला दोनदा लागोपाठ एक-दोन पडले की तो वाटेतच अडकतो, आणि खोलीत पोहोचल्याशिवाय विचारता येत नाही. आमच्याकडे नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सवलत आहे: फाशावर काहीही पडो, शेजारच्या खोलीत जाता येतं. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले चोरवाटांचे मार्ग आहेतच. यामुळे डाव बराच आटोपशीर होतो आणि तर्काला धक्का लागत नाही.

ज्याने डाव खरोखर मोडतो, ती गोष्ट वेगळीच आहे. हातात कार्ड असून चुकून "नाही" म्हणणं. एका चुकीच्या "नाही"ने सगळ्यांच्या वह्या बिघडतात आणि अर्ध्या तासाने पाकीट उघडल्यावर भांडणं होतात. मोठी माणसंही हे करतात, विशेषतः गप्पा मारता मारता. म्हणून कार्डं हातात पंख्यासारखी धरायची नाहीत. माणसं, वस्तू, खोल्या असे तीन गठ्ठे लावायचे आणि "नाही" म्हणण्याआधी तिन्ही गठ्ठ्यांवर एकेक नजर टाकायची. आमच्याकडे ज्याच्या हातून चूक झाली त्याला कोणी रागावत नाही, पण तो डाव तिथेच थांबवून नवा मांडतो. चुकलेला डाव ओढत नेण्यात काही अर्थ नसतो.

सासूबाईंच्या हरकतीबद्दल. ती मला पटण्यासारखी वाटते, ती हसण्यावारी नेऊ नका. हा खेळ बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रचला, पट त्यांच्या पत्नीने आखला. १९४४ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा खेळाचं नावच 'मर्डर' होतं. युद्धानंतरच्या टंचाईमुळे छापायला वेळ लागला आणि वॉडिंग्टन्स कंपनीने तो १९४९ मध्ये क्लूडो म्हणून बाजारात आणला. बॉम्बच्या भीतीने घरात बसून काढलेल्या संध्याकाळी आणि इंग्लंडमधली बड्या लोकांची घरं, यांतून तो आलाय. खून हा त्याचा वरचा रंग. माझ्या मते सात वर्षांच्या मुलाला त्याने काही होत नाही, कारण पटावर कोणी मरताना दिसत नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला संध्याकाळच्या वेळी "खून कोणी केला" हे शब्द नको असतील, तर ते बदलायला आपल्याला काहीच कष्ट पडत नाहीत. कोण, कशाने, कुठे एवढं राहिलं की तर्क जसाच्या तसा राहतो. छापलेल्या खेळाचीही लहान मुलांसाठी ज्युनियर आवृत्ती आहे, त्यात खून नसून खेळणं कोणी मोडलं याचा शोध असतो.

मी सुचवेन, गणपतीच्या आधी एकदा घरचाच संच बनवा. जाड कागदाची २१ कार्डं कापा. गुन्हा: नैवेद्याच्या मोदकांचा डबा नाहीसा झाला. नऊ जागा तुमच्या इमारतीतल्याच घ्या, गच्ची, लिफ्ट, पंपरूम, मीटरची खोली, पार्किंग, जिन्याखालची जागा, सोसायटीचं ऑफिस, अशा. 'कशाने' ऐवजी 'कशात लपवून': छत्री, दप्तर, बादली, हेल्मेट, कापडी पिशवी, वर्तमानपत्र. मुलांना आपल्या इमारतीचा नकाशा काढायला इतकं आवडतं की खेळ सुरू व्हायला दोन दिवस लागतात.

संशयित कोण, इथे मात्र तुम्ही लक्ष घाला. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या एका गटाने असाच संच बनवून आणला. फार सुंदर बनवला होता, रंगीत पेन्सिलींनी चेहरे काढले होते. सहा संशयित कोण? वॉचमन, कामवाल्या मावशी, इस्त्रीवाला, कचरा नेणारे काका, दूधवाला आणि कुरिअरवाला. इमारतीत राहणारं एकही माणूस त्यात नव्हतं. मुलांच्या मनात वाईट काही नव्हतं, कोणी शिकवलंही नव्हतं. सोसायटीत काही हरवलं की पहिलं नाव कोणाचं निघतं, हे त्यांनी घरात ऐकलं होतं, इतकंच. हॉलच्या दाराशी आमच्या वॉचमनची मुलगी उभी होती. ती दर शनिवारी खेळ बघायला यायची. तिने ती कार्डं पाहिली आणि काही न बोलता निघून गेली.

त्या दिवशी मी तो डाव मांडू दिला नाही. मुलांना गोल बसवून विचारलं, हे सहाच का? पहिल्यांदा कोणाला उत्तर देता येईना. मग एक मुलगा हळूच म्हणाला, "कारण ते बाहेरचे आहेत." आम्ही त्यावर बराच वेळ बोललो आणि पुढच्या शनिवारी नवीन संशयित ठरले: मामा, आत्या, आजोबा, धाकटी बहीण, स्वतः आपण आणि शेजारच्या घरातली मांजर. वॉचमनच्या मुलीला मी जाऊन बोलावलं. ती आली, पण लगेच नाही, दोन शनिवार गेले. म्हणून सांगते, संशयित घरातलेच घ्या. आत्याने दप्तरात मोदक लपवून लिफ्टमधून नेले, यावर आत्याही हसेल.

आता तुमचा मूळ प्रश्न, दुसरा खेळ आणावा का. धाकट्याला अजून वाचायला त्रास होत असेल, तर आऊटफॉक्स्ड हा खेळ बरा. त्यात चोरी करणारा कोल्हा शोधायचा असतो, सगळे एका बाजूने खेळतात, चित्रांवरून चालतं, पाचव्या वर्षापासून जमतो. सगळे एकत्र जिंकतात किंवा हरतात, त्यामुळे बहीण-भावात तुलना होत नाही. मोठीसाठी काही घ्यायचं असेल तर स्कॉटलंड यार्ड. तो १९८३ चा खेळ आहे, त्याच वर्षी त्याला जर्मनीचा वर्षातल्या उत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला होता. लंडनच्या नकाशावर एक जण मिस्टर एक्स होऊन लपतो आणि बाकीचे मिळून त्याला शोधतात. टॅक्सी, बस की मेट्रो, एवढंच कळतं, तो कुठे आहे ते ठरावीक चालींनाच दिसतं. लोकल, बस आणि रिक्षा बदलत वाढलेल्या आपल्या मुलांना तो चटकन समजतो. एका डावात मोठीला मिस्टर एक्स करा आणि धाकट्याला पोलिसांच्या बाजूला घ्या. बहीण घेरली गेलेली बघून त्याला जो आनंद होईल, तो त्याने कमावलेला असेल. पण या दोन्हींच्या आधी क्लूडोचे निदान सहा डाव गटांनी खेळा. दोन डावांत निष्कर्ष काढू नका. पहिले दोन वहीची सवय लागण्यातच जातात.

गट कधी मोडायचे, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येणार. वयावर जाऊ नका. आठव्या वर्षी तयार असलेली मुलं मी पाहिली आहेत आणि दहाव्या वर्षीही जोडीनेच खेळायला आवडणारी. कोणी मोठ्याने "नाही" म्हणालं, पाळी धाकट्याची नव्हती, आजीने काही सांगितलं नव्हतं, तरी त्याचा हात पेन्सिलीकडे गेला, असं एकाच डावात तीन-चारदा दिसू द्या. मग पुढच्या डावाला वहीत आणखी एक रकाना आखा, त्याच्या एकट्याचा.